नामीकाकीच्या घरात काही मोडत नाही

अख्ख्या भाईंदर पूर्वेत ऑपरेशन करून उंची वाढवून घेतलेला माणूस बहुतेक मी एकटाच. फक्त एकाच पायाची वाढवली, आणि तीपण दुसऱ्या पायाला गाठण्यापुरती.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही. माझ्यात बघण्यासारखं जे काय होतं ते डॉक्टरने एक्स-रेत बघितलं आणि तोपण लगेच कंटाळला. सांगायचंय ते नामीकाकीबद्दल. खारी गावातली नामीकाकी. पाय बरा होईपर्यंत मी तिच्याकडे भाड्याने राहत होतो.

नामीकाकीच्या घरात काही मोडत नाही, फुटत नाही, संपत नाही आणि बंद होत नाही. म्हणजे होतं सगळं, पण बोलायचं नाही. बांगडी फुटली असं बोलायचं नाही, बांगडी 'वाढली'. नारळ फोडायचा नाही, 'वाढवायचा'. आता हे आपल्या सगळ्यांकडेच आहे. माझी आईपण डबीतलं कुंकू संपलं की कुंकू वाढलं बोलते. पण आई कुंकवावर थांबते. नामीकाकी थांबत नाही. तिचा गॅस वाढतो, साबण वाढतो, मोबाईलचं रिचार्ज वाढतं. एकदा तिच्या खुर्चीचा पाय वाढला आणि मी खुर्चीसकट जमिनीवर आलो.

पहिल्याच संध्याकाळी ती दारात बसून तांदूळ पाखडत होती. मला बोलली, "नाऱ्या, पंखा वाढव."

मी रेग्युलेटर पाचवर केला.

"अरं, वाढव!"

"काकी, पाचच्या पुढे आकडाच नाही."

"वाढव बोलतंय ना मी! कोंडा उरतोय सगला!"

तोपर्यंत कोंडा तिच्या डोळ्यांत, केसांत आणि शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या चहात गेला होता. मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी बोललो, "बंद करू का? मग सरळ बंद बोलायचं ना!"

तिने सूप उचललं आणि माझ्या तोंडावर धरलं. "शू! तिन्हीसांजेचा असला बोलतात?"

आता मी तिथे पोचलो कसा, ते सांगतो. आम्ही रत्नागिरीकडचे. शिक्षण तिसरी. तिसरीत दोनदा बसलो, त्यामुळे तुम्ही चौथी धरली तरी माझी हरकत नाही. मुंबईला आलो तो मंडपाच्या कामाला लागलो, काशीगावात. बांबूवर चढायचं, कापड ताणायचं, झालर मारायची. एकदा असाच वर चढलो असताना खाली एक बाई फार छान हसली. ती माझ्याकडे बघून हसली नव्हती, हे मला खाली येता येता कळलं. वीस फुटांवरून खाली यायला वेळ लागत नाही.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं आणि पाय आखूड झाला. मंडपात एखादा बांबू आखूड पडला की त्याच्याखाली वीट लावतात, तिला टेकू बोलतात. माझ्या चपलेखाली तसाच जाड सोल आला आणि पोरं मला टेकू बोलायला लागली. मला त्याचं काही नव्हतं, नाव मीच त्यांना सुचवलेलं. पण मालक बोलला, "टेकू, आता वर चढायचं विसर. तू खुर्च्या मांड."

मंडपाच्या धंद्यात वर चढणारा कारागीर आणि खाली राहणारा हमाल. खुर्च्या मांडायला माझा विरोध नाही, पण त्या फोल्डिंगच्या खुर्च्यांनी माझी अशी बोटं चावली की कुत्रं बरं. म्हणून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर बोलला की पाय लांब करता येतो, तेव्हा मी एकच विचारलं, "मग मला चढता येईल?"

"नीट आला तर येईल," डॉक्टर बोलला.

त्यातलं 'येईल' मी ऐकलं. 'नीट आला तर' हे मला नंतर ऐकू आलं.

ऑपरेशन असं असतं, की तुमचं हाड मधोमध कापतात, बाहेरून लोखंडी रिंगा बसवतात, रिंगांतून आरपार तारा घालतात. मग रोज रिंगेवरचे आटे पान्याने थोडे थोडे फिरवायचे. हाडाचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब जातात आणि मधल्या जागेत नवीन हाड येतं. थोडक्यात, हाडाला फसवायचं. हळू फसवायचं. एकदम फसवलं तर त्याला कळतं.

पाय असा पिंजऱ्यात घेऊन मी काशीगावच्या आमच्या राहायच्या माळ्यावर चढणार कसा? म्हणून मालकाने खारीत तळमजल्याची खोली बघितली. चारी बाजूंनी बिल्डिंगा आणि मधे एक बुटकं कौलारू घर. एके काळी काकीच्या घरच्यांची मिठागरं होती. आता वरच्या मजल्यांवरची लुगडी आणि जीन्स यांच्या अंगणात ठिबकतात. रिक्षातून मला उतरवताना रिक्षावाला बोलला, "भाई, ये डिश अँटेना पैर में क्यों लगाया? चॅनल आता है क्या?" मी बोललो, "फक्त दुखण्याचं येतं, चोवीस तास."

नामीकाकी ओट्यावर उभी. काष्ट्याचं लुगडं, कपाळ मोकळं, कमरेला चाव्या.

"नाव काय?"

"नारायण."

"म्हंजे नाऱ्या."

"हो."

"काम?"

"मांडवाचं."

तिने डोळे मिटले. तुम्हाला ती म्हण माहीत असेल. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. मालकाला काकी बोलली, "आखी म्हनच उचलून आनलीस रं माज्या दारात!"

मालक रिक्षा परत वळवायला लागला. तेवढ्यात तिची नजर माझ्या पायावर गेली. मोडलाय का, असं तर ती विचारणार नाही. ती बोलली, "आनि ह्यो पाय कसा वाढला?"

मला तेव्हा तिची भाषा कुठे माहीत? मी सरळ बोललो, "वाढला कुठे काकी, अजून वाढतोय. रोज थोडा थोडा."

ती ओट्यावरून खाली उतरली. वाकून रिंगांमधून आत बघितलं. "वाढतंय? खरंच वाढतंय?"

आयुष्यभर ती मोडल्या वस्तूला वाढली बोलत होती. मोडलेली वस्तू खरोखर वाढतेय, असं तिच्या दारात पहिल्यांदाच झालं होतं. बोलली, "आत आना त्याला. सांबालून."

मी तिला अहो-जाहो करायला गेलो, तर बोलली, "तुमी काय? मी काय दहा जनी हाय? तू बोल." आणि वर हेपण बजावलं, "मी भाडोत्री ठेवलाय, पेशंट न्हाय. मी कायपन करनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पायाला फ्रॉक शिवला.

खरंच सांगतो. लोक मिक्सरला घालतात तसला. जुन्या लुगड्याचा, खाली झालर, वर नाडी. "लोकांची नजर लागंल वाढत्या पायाला," बोलली. झालर बघून मला धंद्याची आठवण आली. मी बोललो, "काकी, झालर उलटी मारलीस." तर फ्रॉक काढला, उसवला, परत शिवला आणि बोलली, "आता गप नेस."

जखमा पुसायला पट्टी लागायची. ती संपली की काकी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या गुजराती शेठकडे जायची आणि तिची भाषा जशीच्या तशी हिंदीत घेऊन जायची.

"शेठ, इसका पट्टी बढ गया."

"बढ गया तो वापस लाव ने, काकी."

"अरे, बढ गया बोलता ना! पूरा बढ गया! घर में एक भी न्हाय!"

शेठने हात जोडले. पुढे पुढे तो शिकला. काकी दिसली की विचारायचा, "काकी, आज शु बढ गया?"

डॉक्टरलापण सोडलं नाही. त्याने एक्स-रे धरून मला समजवायला घेतलं, "हे बघ, इथे हाड कापलंय," तर काकी मधेच, "डाक्टर, शिकलेला मानूस ना तू? कापला काय बोलतंस? वाढवला बोल." डॉक्टर हसला. तेव्हापासून काकी बरोबर असली की तो 'वाढवला' बोलायचा. पण हॉस्पिटलातून फोन करणाऱ्या मुलीला काय माहीत?

आटे मी स्वतः फिरवायचो. त्या वेळी काकी घरात थांबायची नाही, कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जायची. कोंबड्या इतक्या जाड झाल्या की त्यांना फडफडता येईना. मी आतून कण्हायचो, ती बाहेरून ओरडायची, "देवाचा नाव घे!" मी एकेका देवाचं घ्यायचो. देव वाढायचे, म्हणजे संपायचे, तरी आटा शिल्लक असायचा.

एक दिवस हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी संडासात होतो. रिंगा लावून संडासात जाणं म्हणजे गणपतीची मिरवणूक. निघते लवकर, पोचते उशिरा, आणि परत कधी येईल ते कोणी सांगत नाही. फोन कोणाचाही वाजो, धावायची काकीच. मी बाहेर आलो तर तिचा चेहरा खुललेला.

"फोन आलता तुज्या हास्पिटलचा. फोटो चांगला आलाय बोलली ती पोरगी. आनि बोलली, आजपासून आटे वाढव."

मी विचारलं, "वाढवू?"

"हां, वाढव. आजपासून."

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. माझ्या डोक्याचा सोल जाड आहे. इतके दिवस त्या घरात राहून, पंखा वाढव म्हणजे काय, दिवा वाढव म्हणजे काय, सगळं पाठ झालेलं. पण आटे फिरवले की पाय वाढतो, आणि डॉक्टर खूश आहे, मग अजून वाढवायला सांगणारच, असा मी हिशोब मांडला. मी दुप्पट फिरवायला लागलो. वर मनात असंही आलं, की चुकून थोडा जास्त वाढला तर वाईट काय? दुसरा पाय नंतर बघू. नवरदेवांपेक्षा उंच दिसेन.

काकीला वाटलं, मी थांबलो. मी कण्हत होतो ते तिला ऐकू येत होतं, पण मी तसाही दिवसभर कण्हायचो. जेवण आवडलं तरी कण्हायचो. त्यामुळे फरक कोणाला कळणार?

मग एका सकाळी ती माझ्या पायाची बोटं पुसत होती. बोलली, "पानी गरम हाय का रं?"

मी बोललो, "कुठलं पाणी?"

तिने अंगठा चिमटीत धरला. दाबला. मग नख लावलं. मी खिडकीतून कोंबडी बघत होतो. तिने वर बघितलं, मग माझ्या उशीजवळ पडलेल्या पान्याकडे.

"तू आजून फिरवतंस?"

"तूच बोललीस ना, वाढव म्हणून."

नामीकाकी खाली बसली ती बसलीच. हातातलं फडकं तसंच. आणि मग तिच्या तोंडून जे आलं ते त्या घराच्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल.

"बंद! बंद कर बोललेली ती पोरगी! बंद रं, नाऱ्या! पाय पुरा झाला, आता बंद!"

रिक्षात तिने माझा पाय मांडीवर घेतला. मी दोन जोक मारले. दुसरा चांगला होता. रिक्षावालापण हसला नाही.

डॉक्टर पहिल्यांदाच चिडलेला बघितला. पाय जास्त ताणला गेला होता आणि त्याच्याबरोबर आतली नस. आटे आता हळूहळू उलटे फिरवायचे, पाय मागे आणायचा. लांबीची काळजी नव्हती. नस जागी झाली तर पाऊल उचलेल, नाहीतर पाऊल असंच लोंबकळत राहील. "मग शिडी विसर," डॉक्टर बोलला. आणि या खेपेला त्यातला प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

बाहेर येताना काकीने त्याला विचारलं, "माज्यामुलं झाला ना?"

मी पटकन बोललो, "नाही ओ डॉक्टर, माझ्या अकलेमुळे. तिचा एक्स-रे काढा, काही दिसणार नाही."

त्यानंतर आटे फिरवताना काकी अंगणात गेली नाही. समोर बसायची, माझा हात आणि पाना बघत. आणि रोज सकाळी परीक्षा. माझ्या डोळ्यांवर लुगड्याचा पदर टाकायची, बोट चिमटायची आणि विचारायची, "कुठला?"

मला काहीच कळायचं नाही. पण तिचा आवाज असा असायचा, की नाही बोलायला जीभ वळायची नाही. मी ठोकून द्यायचो, "अंगठा! आई गं, काय चिमटतेस!"

पदर काढून बघतो तर ती माझ्या पायापासून हातभर लांब बसलेली. हात मांडीवर.

"शालेत पन असाच करायचास?" तिने विचारलं.

"हो. म्हणून तिसरीत दोनदा बसलो."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी परत पदर, परत "कुठला?" मी परत नापास. बाहेर कोंबड्या उपाशी राहून परत बारीक झाल्या. मला मेडिकलच्या शेठचा फोन आला की काकी सरळ हिंदीत 'पट्टी खतम' बोलून गेली, घरी सगळं ठीक आहे ना?

ठीक नव्हतं. गॅस संपला, तर ती 'संपला' बोलली. कंदिलाची चिमणी फुटली, तर 'फुटली' बोलली. तिचे शब्द असे सरळ झाले आणि मला घर ओळखू येईना. मी मुद्दाम बोलायचो, "काकी, साबण वाढलाय बघ." ती बोलायची, "संपलाय. आनते."

मग एकदा दुपारी मी झोपलो होतो. परीक्षेची वेळ नव्हती, पदर नव्हता, काही नव्हतं. आणि झोपेत मी इतकी घाण शिवी दिली, की समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून एका बाईने खिडकी लावून घेतली. एका कोंबडीने माझ्या करंगळीला चोच मारली होती.

काकी मोरीतून साबणाच्या हातांनी धावत आली. "काय झाला?"

"तुझी ती लाल कोंबडी! करंगळी तोडली असती माझी!"

"कुठली?" तिने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "कुठली बोललास?"

"करंगळी गं! आग होतेय नुसती!"

तिने पायाला हात लावला नाही. कोंबडी उचलली आणि तिच्या तुऱ्याचा मुका घेतला. मी बोललो, "चावलं मला, आणि मुका तिला?" तर बोलली, "तू शिवी दिलीस घानेरडी. तिना न्हाय दिली." संध्याकाळी तिने बोंबलांचं कालवण केलं, माझ्या ताटात भाताचा डोंगर केला आणि मी "पुरे, पुरे" बोललो तरी पळी थांबेना.

पुढचं भराभर झालं. पाऊल हळूहळू उचलायला लागलं. रिंगा निघाल्या, कुबड्या आल्या, मग कुबड्या गेल्या. जाड सोलची चप्पल मी टाकून दिली. पहिल्यांदा साधी चप्पल घालून उभा राहिलो तर जग तिरकं दिसायला लागलं. इतकी वर्षं तेच तिरकं होतं का मी, ते अजून नक्की नाही. मालकाने मला शिडीवर चढवून बघितलं. चढलो. खाली कोण हसलं ते बघितलं नाही. मालक बोलला, लग्नाची कामं लागलीत, माळ्यावर परत ये.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरली. काकी ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी दारात आलो आणि आपण सगळे बोलतो तसं बोललो, "काकी, येतो."

तिने मान वर केली नाही. "येतो बोलू नको."

मला वाटलं, ऐकण्यात चुकलो. ह्या बाईसमोर कोण 'जातो' बोललं तर ती त्याला उंबऱ्यातून परत बोलवून, पाणी पाजून, 'येतो' बोलायला लावून मग सोडायची.

"काय बोललीस?"

"माजा सुदाम पन येतोच बोलला." सुदाम तिचा एकुलता मुलगा. बोटीवर नोकरीला लागला आणि तिकडेच परदेशात कुठेतरी घर केलं, एवढंच मला शेजाऱ्यांकडून कळलेलं. काकीच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. "चांगला शिकवलेला मी त्याला. जातो बोलू नये, येतो बोलावा. पाया पडला, येतो आये बोलला. फोनवर पन बोलतो, येतो. दर खेपेला येतो." बोंबलाचं डोकं तिने सुरीने बाजूला केलं. "बारा वरसं झाली, येतोय. त्याची चूक न्हाय. मीच शिकवला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हनून तू जातो बोल. जायाचा तर जा. मी वाट बगनार न्हाय. मंग मना निवांत."

मी तोंड उघडलं. एवढं बोलणारं तोंड माझं, डॉक्टरपुढे थांबलं नाही, पडतापडता हवेत थांबलं नाही. दोन अक्षरी शब्द. 'जा' घशापर्यंत आला आणि 'तो' काही येईना. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हातात पिशवी, असा मी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. वास लागून माश्या जमायला लागल्या होत्या. मी शेवटी बोललो, "काकी, काशीगावात तसं काय ठेवलंय? रोज इथूनपण जाता येईल कामाला. मी काय बोलतो, मी म्हणजे, तुला कोणीतरी..."

नामीकाकीने सुरी बोंबलावर टेकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, पायांकडे.

"आता दोनी पाय सारखं झालं ना तुजं? मंग दोनी एका बाजूला ठेव. आत हो, नायतर भायेर हो. माश्या येतात."